सेवा करणारांचा विसावा



स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडण्याची वेळ आली म्हणजे वक्त्याची दृष्टी इतिहास, वाङ्मय किंवा राज्यकारभार यांतील एखाद्या प्रशस्त प्रश्नाकडे वळते, आणि या व्याख्यानमालेची आजवरची परंपराही तशीच आहे. परंतु गेली काही वर्षे ज्या प्रश्नाने माझ्या मनात ठाण मांडले आहे, त्याचा उच्चार सभागृहांत क्वचितच होतो, आणि ज्यांचा तो प्रश्न आहे त्यांना येथे येऊन तो ऐकण्याइतकीही सवड नसते. अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृती हरवलेल्या वृद्ध माणसाची घरच्या घरी, वर्षानुवर्षे, रात्रंदिवस शुश्रूषा करणारी जी माणसे आपल्या आळीत, चाळीत, वाडीवस्तीवर आहेत, त्यांना अधूनमधून विसावा कसा मिळावा आणि त्यांच्या चरितार्थाची व पुढच्या आयुष्याची तरतूद कोणी करावी, या विषयावर मी आज बोलणार आहे.

आपल्या राज्यात निराधार वृद्धांना निवृत्तिवेतन देणारी एक योजना आहे आणि तिला श्रावणबाळाचे नाव दिलेले आहे. पासष्ट वर्षांवरील आणि वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असलेल्या व्यक्तीने उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, रहिवासाचा पुरावा अशी कागदपत्रे जोडून तहसील कचेरीत अर्ज करावा, त्याची छाननी होऊन मंजुरी मिळावी आणि मग दरमहा 1,500 रुपये खात्यावर जमा व्हावेत, अशी तिची रीत आहे. रक्कम तुटपुंजी असली तरी ज्या घरात दुसरी रोख आवक नाही तेथे तिचे मोल मोठे आहे, म्हणून तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु आंधळ्या आईबापांना कावडीत बसवून यात्रेला नेणारा तो मुलगा पाण्यासाठी नदीवर गेला, दशरथाच्या बाणाने तेथेच पडला, आणि त्याच्या पाठोपाठ ते दोघे वृद्धही गेले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो असताना तिच्यातून आपण पुत्रधर्माचा पाठ तेवढा उचलला; कावड वाहणारा एकच असेल आणि तोच पडला तर कावडीत बसलेल्यांचे काय होते, हेही त्याच कथेत तितक्याच स्पष्टपणे सांगितलेले आहे, तिकडे मात्र आपले लक्ष गेले नाही. श्रावणबाळाच्या नावाने चालणाऱ्या योजनेत कावडीत बसलेल्यांची नोंद होते. कावड वाहणाऱ्यासाठी त्या अर्जात एकही रकाना नाही.

हा प्रश्न आजच एवढा बिकट का झाला, याची कारणे थोडक्यात सांगतो. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान सुमारे 32 वर्षे होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. या वाढीत बालमृत्यू घटल्याचा वाटा मोठा असला तरी साठी ओलांडणारांची संख्याही झपाट्याने वाढली आहे, आणि 2011 च्या जनगणनेत अशी माणसे देशात 10 कोटींच्या वर आणि एकट्या महाराष्ट्रात 1 कोटी 11 लाखांच्या आसपास होती. त्याहून महत्त्वाचा फरक मरणाच्या रीतीत पडला आहे. पूर्वी म्हातारपणी पडून खुब्याचे हाड मोडले, किंवा अर्धांगवायूचा झटका येऊन छातीत कफ दाटला, म्हणजे घरच्यांनी काही आठवड्यांत शेवटची तयारी ठेवावी असा अनुभव असे. आता प्रतिजैविके आहेत, नाकातून पोटात सोडलेली अन्नाची नळी आहे, लघवीची नळी आणि पिशवी आहे, पाण्याची गादी आहे. आणि या सर्वांच्या साहाय्याने तेच माणूस पाच, सात, दहा वर्षे जगते. हे वैद्यकशास्त्राचे यश आहे आणि मी ते कृतज्ञतेने मान्य करतो. पण रुग्णालयाने आठवड्याभरात घरी पाठवलेल्या त्या माणसाची पुढची दहा वर्षे कोणाच्या हातांवर जाणार, याचा विचार शास्त्राने केला नाही, शासनाने केला नाही, आणि कुटुंबाने तर तो करण्यापूर्वीच सारा भार कोणा एकाच्या, बहुधा एकीच्या, पदरात टाकून दिला.

त्या दहा वर्षांतील एक दिवस कसा असतो, हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. पहाटे उठून पिशवी रिकामी करायची, अंग पुसायचे, ओली चादर रुग्णाला न उठवता बदलायची, दर दोन-तीन तासांनी पातळ अन्न गाळून, कोमट करून नळीतून हळूहळू सोडायचे, आणि ते सोडताना उशी उंच नसेल तर अन्न श्वासनलिकेत जाऊन जीव धोक्यात येईल ही धास्ती प्रत्येक वेळी मनाशी बाळगायची. पाठीला व माकडहाडाला शय्याव्रण होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी, असे डॉक्टर सांगतात, आणि ते योग्यच सांगतात. पण दिवसाप्रमाणे रात्रीही दर दोन तासांनी कूस बदलणे याचा अर्थ, ती बदलणाऱ्या माणसाने वर्षानुवर्षे सलग दोन तासांहून अधिक झोपायचे नाही, हा त्या सूचनेतला दुसरा अर्धा भाग कोणी उच्चारीत नाही. पन्नास-साठ किलोचा निश्चल देह पंचावन्न वर्षांची सून किंवा सत्तर वर्षांची पत्नी एकटी उचलते, आणि पुढे तिची कंबर गेली म्हणजे त्या घरात एका रुग्णाचे दोन रुग्ण होतात. स्मृतिभ्रंशाच्या घरी देहाचे कष्ट काहीसे कमी, पण मनाचे कितीतरी अधिक. देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशभर हाती घेतलेल्या वृद्धत्वविषयक पाहणीच्या आधारे अभ्यासकांनी असा अंदाज बांधला आहे की साठीच्या पुढील माणसांत शंभरामागे सातांहून अधिकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे देशात असे सुमारे 88 लाख लोक आहेत. अशा घरी दाराला आतून कुलूप घालावे लागते, गॅसचा खटका लपवावा लागतो, एकच प्रश्न दिवसभरात शंभरदा ऐकून शंभरदा शांतपणे उत्तर द्यावे लागते. आणि जिच्या हातचे अन्न खाऊन आपण जगतो आहोत तीच आपले पैसे चोरते, असा आरोप आईच्या किंवा सासूच्या तोंडून शेजाऱ्यांदेखत ऐकूनही दुसऱ्या क्षणी तिची वेणी घालावी लागते.

येथे पूर्वीच्या एकत्र कुटुंबाची आठवण काढणारे काही श्रोते असतील, आणि त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. परंतु त्या कुटुंबात ही सेवा वस्तुतः कोण करीत होते, हे एकदा निर्भीडपणे पाहिले पाहिजे. आपल्या जुन्या वाड्यांतून लाल आलवणातील एखादी बालविधवा आत्या किंवा काकू असे. तिला घर होते पण घरात हक्क नव्हता, आणि सासऱ्याच्या पक्षाघातापासून जावेच्या बाळंतपणापर्यंत सर्वांची शुश्रूषा तिने करावी हे इतके गृहीत असे की त्याचा कोणी उल्लेखही करीत नसे. एकत्र कुटुंब वृद्धांना सांभाळीत होते या विधानात सत्य आहे, पण त्या सांभाळण्याची किंमत कोण मोजत होते हे त्यात आलेले नाही. 1909 साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदन निघाले आणि तेथून स्त्रिया, त्यांत विधवाही, ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या, तेव्हा समाजातून गहजब झाला. माजघरात फुकट चाललेले तेच काम रुग्णालयात शिक्षणाने, वेतनाने आणि ठरलेल्या वेळाने होऊ लागले होते. रमाबाईंच्या त्या उपक्रमातील मर्म आपण पुरतेपणी पचवले नाही, असे मला वाटते. कारण रुग्णालयातील परिचारिकेला आपण आठ तासांची पाळी, साप्ताहिक सुटी आणि निवृत्तिवेतन दिले, आणि घरातील परिचारिकेला सद्गुणाचे प्रशस्तिपत्र देऊन थांबलो.

कायद्याने या बाबतीत काय केले आहे? 2007 साली संसदेने आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा अधिनियम संमत केला. आईबापांना न सांभाळणाऱ्या मुलांविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यापुढे, ज्यांना आपण अजूनही प्रांत म्हणतो, अर्ज करता येतो. महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहखर्च देण्याचा हुकूम होऊ शकतो. सांभाळण्याच्या अटीवर मुलाच्या नावे केलेली मिळकत, अट मोडल्यास, परत घेता येते. आणि वृद्धाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा कायदा अनेक वृद्धांना आधार ठरला आहे. पण त्याच्या दृष्टीला दोनच माणसे दिसतात: उपेक्षित वृद्ध आणि कर्तव्यच्युत अपत्य. जी मुलगी किंवा सून कर्तव्य करते आहे, करता करता झिजते आहे, ती त्या अधिनियमात कोठेच भेटत नाही. 2019 साली दुरुस्तीचे एक विधेयक लोकसभेत मांडले गेले, त्यात घरपोच शुश्रूषेचा विचार होता. परंतु त्याचा कायदा झाला नाही.

शुश्रूषा करणाऱ्याला नाव घेऊन ओळखणारा एक कायदा मात्र आपल्याकडे आहे, तो म्हणजे 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम. पैसे घेऊन वा न घेता दिव्यांग माणसाला साहाय्य करणारी व्यक्ती, आईवडील व अन्य कुटुंबीय धरून, अशी काळजीवाहकाची व्याख्या त्यात दिलेली आहे आणि ज्यांना अधिक आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूदही त्यात आहे. कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सन्सचा, समावेश या कायद्याच्या परिशिष्टात आहे, तेव्हा अनेक वृद्ध त्याच्या कक्षेत येतात. तरतूद आहे, तिची अंमलबजावणी राज्यांच्या आर्थिक कुवतीवर आणि इच्छेवर सोडलेली आहे.

आता विसाव्याकडे वळतो, कारण माझ्या मते द्रव्यसाहाय्याच्याही आधी त्याचा क्रम लागतो. आपल्या ग्रामीण भागात एक जुनी वहिवाट आहे: वाटण्या झाल्यावर म्हातारे आईबाप महिना महिना किंवा चार-चार महिने एकेका मुलाकडे पाळीने राहतात. या वहिवाटीमागील बुद्धी मी अगदीच टाकाऊ मानत नाही, कारण एकाच घरावर सारा भार पडू नये ही जाणीव तीत आहे. परंतु तिच्यात पाळी लागते ती म्हाताऱ्या माणसाची. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, ज्याचा हात भिंतीच्या ओळखीवर चालतो, त्याला महिन्याअखेर वळकटीसह नव्या घरी नेऊन सोडतात, आणि कधी कधी आई एका मुलाकडे व वडील दुसऱ्याकडे अशी वाटणीही होते. वृद्धाने आपल्या अंथरुणावर, आपल्या खिडकीशी राहावे आणि पाळी सेवा करणाऱ्यांची बदलावी, ही विसाव्याची मूळ कल्पना आहे. ती तीन प्रकारे अमलात येते. कोणी जाणते माणूस आठवड्यातून काही तास घरी येऊन बसते आणि घरची बाई दवाखान्यात, बँकेत, देवळात किंवा नुसतीच झोपायला जाते. किंवा वृद्धाला दिवसभर ठेवता येईल असे केंद्र जवळपास असते. किंवा वर्षातून दोन-तीन आठवडे त्याची निवासी सोय कोठे तरी होते.

या तिन्हींची आपल्या राज्यातील स्थिती काय आहे? शहरांत ब्यूरोमार्फत बारा किंवा चोवीस तासांच्या मावशी आणि मामा मिळतात, त्यांतील पुष्कळांना कोणी शिकवलेले नसते, आणि चोवीस तासांची सोय घेतल्यास महिन्याचा खर्च वीस हजारांच्या पुढे जातो. म्हणजे मध्यमवर्गाचेही कंबरडे मोडते आणि शेतमजुराने तर त्याचा विचारच करू नये. ठाणे, नवी मुंबई आणि इतरत्र विरंगुळा केंद्रे निघाली आहेत, ती मला मनापासून आवडतात, पण तेथे जाण्यासाठी स्वतःच्या पायांनी चालत जावे लागते. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या मंडळींनी रुग्ण आणि त्यांचे शुभंकर, म्हणजे त्यांची शुश्रूषा करणारे, यांना एकत्र आणून जे काम चालवले आहे ते अनुकरणीय आहे. मुंबईत आणि पुण्यात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी दिवसाची केंद्रेही आहेत. पण ती मोजकी आहेत आणि तालुक्याच्या गावी त्यांचे नावही ऐकू येत नाही. निवासी सोयीचे म्हणावे तर पुष्कळ वृद्धाश्रमांच्या प्रवेशनियमांत स्वतःचे स्वतःला करता आले पाहिजे ही पहिलीच अट असते. केंद्र शासनाच्या 1992 पासून चाललेल्या वयोवृद्धविषयक अनुदान कार्यक्रमात सततच्या शुश्रूषेची आणि विसाव्याची घरे चालवणाऱ्या संस्थांना साहाय्य देण्याची तरतूद कागदावर होती. 2010-11 पासूनच्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा कक्ष, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी आरोग्य कर्मचाऱ्यांची भेट आणि कुटुंबातील शुश्रूषा करणाऱ्यांचे प्रशिक्षण यांचा समावेश आहे. म्हणजे कल्पना परकी नाही, शासनदप्तरी ती नोंदलेली आहे. वाडीवर ती पोचलेली नाही.

सोय झाली तरी लोक ती घेतील का, असा प्रश्न मला एका अनुभवी समाजसेवकाने केला होता, आणि तो रास्त आहे. आईला चार दिवस केंद्रात ठेवून भाचीच्या लग्नाला गेलेल्या सुनेला मांडवात पहिला प्रश्न येतो तो आईला कोणाकडे टाकून आलीस असा. आणि हा प्रश्न विचारणाऱ्यांत परगावी किंवा परदेशी राहून महिन्याला पैसे व दर रविवारी फोनवरून सूचना पाठवणारे दीर-नणंदाही असतात. पैसे पाठवणाऱ्याचे ऋण मी नाकारीत नाही. परंतु पैसे पाठवणे आणि उशाशी बसणे यांत जे अंतर आहे ते ओळखून, वर्षातून पंधरा दिवस स्वतः येऊन ती उशाची जागा घेणे हा दूर राहणाऱ्या भावंडांचा धर्म आहे, असे मी येथे स्पष्टपणे म्हणतो. अपराधाची ही भावना उपदेशाने जाणार नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातील दोन खाटा विसाव्यासाठी राखून ठेवल्या आणि डॉक्टरांनीच घरच्या बाईला, आता आठ दिवस यांना येथे ठेवा आणि तुम्ही झोपा, असे लिहून दिले, तर ते औषधपत्र दाखवून ती चार माणसांत ताठ मानेने वावरू शकेल.

द्रव्यसाहाय्याच्या बाबतीत इतर देशांचा अनुभव उद्बोधक आहे, आणि त्यांतील इंग्लंडची कथा मला विशेष विचारात घेण्याजोगी वाटते. मेरी वेब्स्टर नावाच्या एका धर्मोपदेशिकेने वृद्ध आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी 1954 साली आपले काम सोडले. 1963 साली तिने वृत्तपत्रांना पत्र लिहून आपल्यासारख्या अविवाहित मुलींची स्थिती मांडली, आणि तिला उत्तरादाखल इतक्या स्त्रियांची पत्रे आली की 1965 साली त्यांची एक राष्ट्रीय संघटनाच उभी राहिली. त्या चळवळीतून 1976 मध्ये अपंगांची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी सरकारी भत्ता सुरू झाला. पण त्या भत्त्यातून विवाहित स्त्रियांना वगळले होते, कारण विवाहित स्त्री तशीही घरीच असणार, मग तिचे नुकसान ते काय, असे गृहीत धरले होते. आपल्या आईच्या शुश्रूषेसाठी नोकरी सोडलेल्या जॅकी ड्रेक या विवाहितेने त्याविरुद्धचा दावा युरोपीय न्यायालयापर्यंत नेला, आणि 1986 साली तो भेद नाहीसा झाला. ज्याला आपण पाश्चात्त्यांचे कुटुंबविन्मुख जीवन म्हणतो तेथेही मुलगीच घरी थांबत होती, आणि तिचे थांबणे गृहीतच धरले जात होते. हा दोष एका संस्कृतीचा नाही.

जर्मनीने 1995 साली शुश्रूषेचा विमा सुरू केला. तेथे घरी सेवा घेणाऱ्या वृद्धाला रोख रक्कम मिळते, सेवा करणारी आजारी पडली किंवा सुटीवर गेली तर तिच्या जागी दुसऱ्याची सोय करण्याचा खर्च मिळतो, आणि तिच्या नावावर निवृत्तिवेतनाचा हप्ताही भरला जातो. जपानने 2000 साली असाच विमा आणला, पण कुटुंबीयांना रोख रक्कम देण्याचे नाकारले. आणि हा नकार कृपणतेतून आला नव्हता. रोख रक्कम दिली तर सून घराला अधिकच जखडली जाईल, तुला पैसे मिळतात ना, मग कर, असे तिला ऐकवले जाईल, तेव्हा पैशाऐवजी घरपोच सेवा, दिवसाची केंद्रे आणि अल्पमुदतीचा निवास द्या, असा आग्रह तेथील स्त्री-कार्यकर्त्यांनीच धरला होता. महाराष्ट्रातील घरे मी जितकी पाहिली आहेत त्यांवरून मला हा इशारा फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे आज नुसता भत्ता सुरू केला, तर तो घरातील कर्त्या पुरुषाच्या हाती पडेल आणि सुनेच्या बंदिवासाला शासनाचा शिक्का मिळेल. म्हणून प्रथम विसावा. त्यामागोमाग भत्ता, आणि तो प्रत्यक्ष सेवा करणाऱ्या व्यक्तीच्या स्वतःच्या खात्यावर. केरळने 2010 पासून आश्वासकिरणम् या योजनेखाली अंथरुणाला खिळलेल्यांच्या व तीव्र दिव्यांगांच्या शुश्रूषकांना अल्पसा मासिक भत्ता सुरू केला. तो पुढे 600 रुपयांपर्यंत वाढला. रक्कम लहान आहे, तथापि एका भारतीय राज्याच्या जमाखर्चात या माणसांसाठी खाते उघडले गेले, याचे महत्त्व मी लहान मानत नाही.

सेवेला मोल लावले तर तिचे पावित्र्य जाईल, असा एक आक्षेप सात्त्विक वृत्तीची माणसे घेतात. त्यांना मी मुंबई इलाख्याच्याच इतिहासातील एका प्रसंगाचे स्मरण देऊ इच्छितो. 1928 साली गिरणीकामगार स्त्रियांना बाळंतपणाची भरपगारी विश्रांती देण्याचे विधेयक मुंबई कायदेमंडळापुढे आले असता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार केला, आणि मातेला त्या काळात विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्यामुळे तिच्या खर्चाचा भार शासनाने पुष्कळ अंशी उचलला पाहिजे, अशी भूमिका मांडली. 1929 साली तो कायदा झाला, आणि अशा प्रकारचा तो हिंदुस्थानातील पहिला कायदा होता. बाळंतिणीला पगार मिळाल्याने मातृत्व विटाळले, असे आज कोणी म्हणत नाही. जन्माच्या वेळच्या शुश्रूषेसाठी जे तत्त्व या प्रांताने जवळजवळ शतकापूर्वी मान्य केले, ते आयुष्याच्या दुसऱ्या टोकाशी का लागू करू नये, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. केंद्र सरकारच्या सेवेतील स्त्रीला अपत्यसंगोपनासाठी साऱ्या सेवाकाळात 730 दिवसांची रजा मिळू शकते. वृद्ध आईच्या शुश्रूषेसाठी मात्र तिला आपली अर्जित व किरकोळ रजाच खर्चावी लागते, आणि खासगी नोकरीतील, शेतावरील किंवा धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीला तीही नाही.

तिजोरीत पैसा नाही, हा दुसरा आक्षेप. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना राज्यभर लागू झाली, तेव्हाही तिजोरी भरलेली नव्हती. 1975 साली व्यवसायकराचा कायदा झाला, शहरांतील पगारदारांनी खेड्यांतील मजुरांसाठी दरवर्षी काही रक्कम द्यावी हे तत्त्व राज्याने स्वीकारले, आणि आजही आपल्यापैकी अनेकांच्या पगारातून वर्षाला 2,500 रुपये त्या नावाने वजा होतात. काम मागणाऱ्याला काम देण्यासाठी ज्या महाराष्ट्राने स्वतःवर कर बसवून घेतला, त्याला जी अहोरात्र काम करतेच आहे तिच्या विसाव्यासाठी एक छोटा निधी उभारणे अशक्य आहे, हे मला पटत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली केलेल्या वेळविनियोगाच्या पाहणीत, घरातील मुलांची व वृद्धांची विनावेतन शुश्रूषा करणाऱ्या स्त्रिया तिच्यासाठी दिवसाला सरासरी 134 मिनिटे आणि पुरुष 76 मिनिटे देतात, असे आढळले. हे श्रम राष्ट्रीय उत्पन्नात धरले जात नाहीत, म्हणून ते फुकट आहेत असे आपण समजतो. ज्या दिवशी ती बाई आजारी पडून वृद्धाला अतिदक्षता विभागात हलवावे लागते, त्या दिवशी त्यांची खरी किंमत रुग्णालयाच्या देयकात दिसते. सत्तरीवरील सर्वांसाठी 2024 पासून आयुष्मान योजनेत वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची हमी शासनाने दिली आहे, तिचे मी स्वागत करतो. मात्र रुग्णालयाबाहेरच्या तीनशे साठ दिवसांतील शुश्रूषेसाठी तीत पैसाही नाही.

खोटे लाभार्थी घुसतील, हा तिसरा आक्षेप कारकुनी स्वरूपाचा आहे आणि त्याला कारकुनी उपायच पुरेसा आहे. आरोग्य उपकेंद्राची परिचारिका आणि आशाताई यांना गावात कोण अंथरुणाला खिळून आहे, कोणाच्या पाठीला जखमा आहेत आणि कोणाच्या नाहीत, हे तलाठ्याच्या दाखल्याविनाच ठाऊक असते. त्यांच्या भेटीच्या नोंदवहीत रुग्णाच्या नावापुढे शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीचे नाव, वय आणि तिच्या स्वतःच्या प्रकृतीची स्थिती लिहिण्याचा एक रकाना वाढवावा, आणि तीच नोंद भत्त्याला व विसाव्याला आधार धरावी. वार्षिक 21,000 रुपयांची मर्यादा येथे लावू नये. तेवढ्या मिळकतीचे घर तर अन्नालाच मोताद असते, आणि शुश्रूषेचा भार त्याहून कितीतरी वरच्या स्तरांतील घरेही मोडून टाकतो. ज्या मुलीने वा सुनेने आपल्या कमावत्या वयाची आठ-दहा वर्षे अशी दिली, तिच्या नावावर त्या काळातील निवृत्तिवेतनाचा हप्ता शासनाने भरावा. वाटणीपत्र करताना घरच्यांनीही तिच्या सेवेची नोंद करून तिचा हिस्सा राखावा, कारण पुष्कळ घरांत आई गेल्यावर बाराव्या दिवसानंतर बोलणे निघते ते मिळकतीचे, आणि दहा वर्षे उशाशी बसलेल्या अविवाहित मुलीला राहती खोली कधी रिकामी करशील असे विचारले जाते.

श्रोतेहो, शासनाला यातील पुष्कळ गोष्टी करायला वेळ लागेल, म्हणून आपल्या हातातल्या एका गोष्टीची विनंती करून मी थांबतो. ग्रामपंचायतींनी आणि नगरपालिकांनी आपल्या स्वउत्पन्नातील 5 टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावी, असा दंडक आज अस्तित्वात आहे, आणि अंथरुणाला खिळलेले कितीतरी वृद्ध कायद्याने दिव्यांगच आहेत. त्या रकमेतून गावातील दोन स्त्रियांना शुश्रूषेचे शिक्षण व मानधन देऊन, ज्या ज्या घरी असा रुग्ण आहे त्या घरी त्यांनी आठवड्यातून एक दुपार जाऊन बसावे, असा ठराव येत्या ग्रामसभेत किंवा आपल्या प्रभागाच्या सभेत आपल्यापैकी कोणीतरी मांडावा, त्याला अनुमोदन मिळवावे, आणि तो इतिवृत्तात नोंदला गेला आहे याची दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन खात्री करून घ्यावी.